गवा, डुक्कर आणि काडतूस

मोठ्या जनावराला कोणतं काडतूस चालवावं, हा वाद जगभरच्या शिकाऱ्यांत शंभर वर्षं रंगला. रत्नागिरीत त्याचा निकाल बहुतेक वेळा कायद्याने आणि रानाने आधीच लावलेला असे.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर बंदुकीला परवाना लागू लागला. खेड्यात तो मिळे पीकसंरक्षणासाठी, आणि त्यावर घरात येई ठासणीची बंदूक, पुढे बारा बोअरची काडतुशी. रानालाही तीच मानवणारी होती. करवंदीच्या जाळीतून हाकाऱ्यांनी उठवलेलं डुक्कर वीस-तीस पावलांवर दिसतं न दिसतं तोच पार होतं. तिथे लांब पल्ल्याच्या वेगवान गोळीचा उपयोग काय? अंतर थोडं असलं, तरी मार खोल जायला हवा. एलजी म्हणजे जाड छर्रे भेकराला पुरत. पण थोराड नर डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीत ते अडकतात आणि जनावर जखमी होऊन निसटतं. त्याला सबंध शिशाची गोळीच हवी. म्हणूनच १८८० च्या दशकात हॉलंड अँड हॉलंडने काढलेली ‘पॅराडॉक्स’ मला आपल्याकडच्या रानासाठी सर्वांत शहाणी बंदूक वाटते. नळीच्या फक्त तोंडाशी आटे असल्याने तीतून छर्रेही उडत आणि जड गोळीही नेमकी जाई. पण ती साहेबाच्या खिशाला परवडणारी.

रायफलींची गोष्टही कायद्यानेच घडवली. बंडखोरांच्या हाती गोळ्या पडू नयेत म्हणून १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आली. विलायती बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७० अशी नवी काडतुसं काढली. .३०३ तर लष्कराची, म्हणून सामान्य माणसाला वर्ज्य. त्या जागी रुजली .३१५, इछापूरच्या कारखान्याची ही रायफल आजही परवान्यावर मिळते. तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची. सांबराला, डुकराला ती भरपूर झाली. सह्याद्रीतला गवा मात्र हजार किलोच्या घरात जातो, त्याच्यावर .३१५ चालवणं मला कधीच पटलेलं नाही. शिकारी जिम कॉर्बेटकडे लांबच्या नेमासाठी हलकी .२७५ रिग्बी होती, आणि जवळच्या धोक्यासाठी .४५०/४०० ची दुनळी, जिची गोळी २६ ग्रॅमची. असं दोन्ही हाताशी ठेवणं कोकणातल्या किती जणांना जमणार होतं?

आपल्या हवेने आणखी एक अट घातली. कागदी नळीची काडतुसं पावसाळ्यात फुगत आणि बंदुकीत अडकत. भात पोटरीला येऊन डुकरं शेतात उतरण्याचे दिवसही नेमके तेच. रायफलीच्या पितळी काडतुसाला हे दुखणं नव्हतं. बारा बोअरची ही अडचण प्लॅस्टिकच्या नळीनेच दूर केली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचे दिवस संपवले, आणि ते योग्यच झालं. सांबर आणि गवा सह्याद्रीत टिकले यात त्याचा मोठा वाटा आहे. आज पिकात शिरलेल्या डुकरावर बार काढायलाही वनखात्याची परवानगी लागते. ती मिळाली, तरी शेतकऱ्याच्या हाती बहुधा तीच जुनी बारा बोअर असते. तीत छर्रे न भरता गोळी भरावी, आणि जनावर जवळ, आडवं उभं राहिल्याशिवाय चाप ओढू नये. रात्री जखमी होऊन जाळीत शिरलेलं डुक्कर सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.