एम्प्लॉयमेंटला नाव घातलं, पुढे काय?

गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला 'काय रे, सध्या काय चाललंय?' असे विचारावे, तर पुष्कळ वेळा उत्तर मिळते, 'एम्प्लॉयमेंटला नाव घातलंय.' एवढे सांगून तो गप्प होतो, आणि विचारणाराही गप्प होतो. जणू नाव घातले म्हणजे पेरणी झाली, आता पाऊस पडायचा तेवढा बाकी! तेव्हा त्या नावाचे कचेरीत पुढे काय होते, ते आज जरा पाहू या.

ही सेवायोजन कार्यालये निघाली 1945 साली. महायुद्ध संपत आले होते, आणि फौजेतून सुटणाऱ्या जवानांना मुलकी कामे मिळवून द्यायची होती. फाळणीनंतर निर्वासितांनाही त्यांचा उपयोग झाला. 1948 मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि 1956 च्या नोव्हेंबरात त्यांचा कारभार राज्यांकडे आला. नोंदणीला कार्यालय पैसे घेत नाही, ही त्यातली जुनी आणि चांगली गोष्ट.

आता कायदा काय म्हणत होता ते ऐका. 1959 चा रिक्त जागा कळवण्याचा कायदा अमलात आला 1 मे 1960 रोजी, म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी. सरकारी संस्था आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेले खाजगी मालक यांनी रिकाम्या जागा कार्यालयाला कळवाव्यात, असे त्यात होते. खाजगी शेतीतली बहुतेक कामे, घरकाम आणि तीन महिन्यांच्या आतली कामे वगळलेली होती. म्हणजे खेड्यातला मोठा रोजगार पहिल्यापासूनच बाहेर राहिला! त्यातही खरी मेख पुढेच आहे. जागा कळवायची, पण माणूस कार्यालयाच्याच यादीतून घ्या, असे बंधन नव्हते. कळवले नाही तर पहिल्या वेळी दंड पाचशे रुपयांपर्यंत. एवढ्याने कोणता कारखानदार घाबरणार? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय घेतला आहे आणि कार्यालयाला 'करिअर सेंटर' असे नाव दिले आहे. पाटी बदलली, जागा येतील तेव्हा खरे.

याच्या शेजारी आपल्या रोजगार हमीची आठवण ठेवा. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या त्या योजनेचा कायदा 1979 मध्ये अमलात आला, तेव्हा त्यात काम मागणाऱ्याचा हक्क होता. पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. सेवायोजनाच्या नोंदणीत असा हक्क कधीच नव्हता.

म्हणून नाव घालणे व्यर्थ, असे मी म्हणत नाही. पण नाव कसे घातले, याला फार महत्त्व आहे. कार्यालयात माणसे नावावरून शोधत नाहीत, धंद्यावरून शोधतात. 1958 पासून देशात व्यवसायांचे वर्गीकरण आहे. प्रत्येक कामाला एक आकडा. कारखान्याने टर्नर मागितला, की टर्नरच्या आकड्याखालची नावे निघतात. तुमचे नाव दुसऱ्या आकड्याखाली असेल, तर तुम्ही कितीही हुशार असा, हाक तुमच्यापर्यंत पोचत नाही.

माझ्या पाहण्यातल्या एका मुलाचे असेच झाले. बारावी झालेला, मामाच्या दुकानात दोन वर्षे पंपाच्या मोटारी भरायला शिकला. वाइंडिंगमध्ये हात असा बसलेला, की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून शेतकरी जळालेल्या मोटारी घेऊन त्यालाच शोधत येत. नोंदणीत मात्र लिहिले होते 'बारावी उत्तीर्ण, अनुभव नाही.' का, तर दुकानातले काम हा अनुभव धरतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. चार वर्षे तो बारावीच्या गर्दीत उभा राहिला. मग एका गुरुजींनी त्याला बसवून सगळे नव्याने भरून घेतले. मामाकडून कामाचे साधे प्रमाणपत्रही घेतले.

सुधारणा हवी ती इथे. खिडकीमागे बसून अर्ज घेणारा कारकून पुरेसा नाही. मुलाला चार प्रश्न विचारून त्याच्या हातातली कला कागदावर आणणारा माणूस तिथे हवा, आणि साखर कारखाना, दूध संघ, औद्योगिक वसाहत इथे जाऊन 'तुम्हाला कसली माणसं लागतात?' असे विचारणारा अधिकारीही हवा. जिल्ह्याच्या गावाला दोन एस.टी. बदलून येणाऱ्या मुलीचा दिवसभराचा खर्च कोण मोजतो? त्यापेक्षा महिन्यातून एक दिवस कार्यालयच तालुक्याला आले तर?

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. आता नोंदणी संगणकावर होते. राज्याचे महास्वयम संकेतस्थळ आहे, केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा 2015 पासून आहे. नवे काही शिकलात की तिथे भरा. नुसत्या बोलावण्यावर मात्र विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितले, की सरकारी जागांसाठी कार्यालयाकडून नावे मागवावीत, शिवाय वर्तमानपत्रांतही जाहिरात द्यावी. तेव्हा जाहिरात पाहून अर्ज स्वतःच करायचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकण्याच्या जागा असतात, त्याही विचारा.

आणि गुरुजी, निकालानंतर मुले दाखले न्यायला येतात, तेव्हा एक प्रश्न विचाराल का? 'सुट्टीत काय काम करतोस?' ट्रॅक्टर, शिवणयंत्र, दुधाची तपासणी, जे सांगेल ते कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. नोंदणीला बसताना तो कागद शेजारी ठेवायला सांगा.