उंदीर आपणहून औषध घेतो तेव्हा

प्रयोगशाळेतल्या उंदराला तोंडावाटे औषध देण्याची रूढ रीत अशी: मानेची कातडी चिमटीत पकडायची, गोल टोकाची सुई तोंडातून अन्ननलिकेत उतरवायची आणि औषध थेट जठरात सोडायचं. डोस अचूक जातो म्हणून ही रीत टिकली. पण अन्ननलिकेला इजा होऊ शकते, औषध चुकून फुप्फुसात गेलं तर उंदीर दगावतो, आणि रोजच्या पकडापकडीने त्याच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं वाढतात. मग हाती आलेल्या आकड्यांत औषध किती आणि भीती किती, हे वेगळं काढणं कठीण होतं.

त्यापेक्षा त्याने स्वतः चाटलं तर? इथे त्याचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकण्याची सोय नसल्यामुळे नवा पदार्थ तो हुंगतो, इवलासा चाखतो आणि थांबतो. नंतर पोट बिघडलं, तर त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये रॅटवर हे दाखवलं: सॅकरिनचं गोड पाणी पिताना किरणोत्सर्ग सोसलेले प्राणी पुढे ते पाणी टाळू लागले. औषध पहिल्याच दिवशी नव्या गोडाबरोबर दिलं की नेमकं हेच घडू शकतं. म्हणून आधी काही दिवस नुसतं गोड द्यायचं. ओळखीच्या, निर्धोक ठरलेल्या चवीचा असा तिटकारा सहजी बसत नाही.

झुरिकमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पाणी घातलेलं गोड कंडेन्स्ड मिल्क मायक्रोपिपेटने तोंडाशी धरतात. सुरुवातीला उंदराला धरावं लागतं. दोन-तीन दिवसांत तो स्वतःच टोकाशी येऊन चाटू लागतो. मग त्याच दुधात औषध मिसळायचं. हिशेब सोपा आहे. उंदीर 25 ग्रॅमचा आणि डोस किलोमागे 10 मिलिग्रॅम असेल, तर त्याला 0.25 मिलिग्रॅम औषध हवं. ते 0.05 मिलिलिटर दुधात द्यायचं तर द्रावण मिलिलिटरला 5 मिलिग्रॅमचं करायचं. वजन बदललं की थेंबाचं मापही बदलायचं. शेवटचा थेंब चाटून होईपर्यंत नजर हटवायची नाही, कारण उरलेलं औषध म्हणजे चुकलेला डोस.

पिण्याच्या पाण्यात औषध घालणं याहून सोपं वाटतं, पण कोण किती प्यालं ते कळत नाही. आजारी उंदीर तर कमीच पितो. जेली किंवा पेस्ट पिंजऱ्यात ठेवली तर धीट उंदीर इतरांचा वाटा खातो, त्यामुळे तेवढ्यापुरतं प्रत्येकाला वेगळं करावं लागतं.

मधुमेहाच्या प्रयोगात साखरच नको असते. तिथे सुक्रालोज घातलेली जेली चालते. ॲस्पार्टेम मात्र उपयोगाचं नाही, कारण उंदरांना ते गोड लागत नाही. तुलनेच्या गटालाही तेच दूध किंवा तीच जेली, तितकीच, औषधाविना द्यावी लागते. गोडाने झाकता न येणारं फार कडू औषध असेल, तर अजूनही सुईच हाती घ्यावी लागते.