‘जगातल्या टॉप 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड’ : सरांच्या अभिनंदनाच्या बॅनरमागचं गणित काय असतं?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की मुदखेडपासून मुंबईपर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. गावच्या सुपुत्राचा कोट घातलेला फोटो, मागे अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं नाव आणि खाली ओळ, ‘जगातील अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड’. त्याखाली अभिनंदनाचा पाऊस. पण ही निवड करतं कोण? मुलाखत होते का? अर्ज भरावा लागतो का?

यातलं काहीच होत नाही. ही निवड नाहीच, हा हिशेब आहे आणि तो संगणक करतो.

स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ही यादी पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुली केली. त्यासाठीची माहिती येते एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस या डेटाबेसमधून. म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणाला पुरस्कार वगैरे देत नाही. तिथले एक प्राध्यापक यादी बनवतात, एवढंच.

आता मुख्य गोष्ट, सायटेशन. एखाद्याने शोधनिबंध लिहिला आणि पुढे दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात त्याचा संदर्भ दिला, की पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावरून एच-इंडेक्स काढला. समजा एका मॅडमचे पाच निबंध आहेत आणि त्यांना 40, 12, 6, 4 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. किमान 4 सायटेशन्स असलेले निबंध 4 आहेत, म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या निबंधाला 40 ऐवजी 4,000 सायटेशन्स मिळाली तरी तो 4 च राहणार. गंमत आहे, पण नियम तसाच आहे.

दुसरी अडचण अशी की एका निबंधावर वीस जणांची नावं असली, तर विसाही जणांच्या खात्यात पूर्ण सायटेशन्स पडतात. म्हणून आयोनिडिस यांनी सहा आकडे एकत्र केले : एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांत वाटून काढलेला एच-इंडेक्स आणि मग लेखक एकटा असताना, एकटा किंवा पहिला असताना आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा असताना मिळालेली सायटेशन्स. प्रत्येक आकडा 0 ते 1 या मापावर आणून बेरीज केली की मिळतो सी-स्कोअर. जगात पहिल्या एक लाखात किंवा आपल्या उपविषयात पहिल्या 2 टक्क्यांत आलात, की नाव यादीत. अशी दोन लाखांहून जास्त नावं त्यात असतात.

उपविषय का? तर वैद्यकशास्त्रात सायटेशन्स धो-धो मिळतात, गणितात थेंब-थेंब. दोघांना एका तराजूत तोलणं अन्यायाचं झालं असतं.

मग यात घोळ होत नाही का? होतो. 2019 च्या यादीतूनच कळलं की किमान 250 शास्त्रज्ञांची निम्म्याहून जास्त सायटेशन्स स्वतःची किंवा सहलेखकांची होती. चेन्नईतल्या एका संशोधकाच्या बाबतीत हे प्रमाण 94 टक्के होतं. थोडक्यात, आपणच आपल्या पोस्टला लाइक करायचं. म्हणून यादीत स्वतःची सायटेशन्स वगळलेला क्रमांकही दिलेला असतो.

पण यादीत जे मोजलंच जात नाही, त्याचं काय? नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 1980 च्या दशकात ‘एनएचएच 44’ हे संकरित वाण दिलं. ‘नांदेड 44’ म्हटलं की मराठवाड्यातला जुना शेतकरी आजही ओळखतो. बीटी कापूस येण्याआधी कोरडवाहू रानात हे वाण सर्रास लागायचं. पण शेतकरी बी पेरतो, सायटेशन देत नाही. मराठीत लिहिलेल्या संशोधनाचंही तेच, स्कोपसमध्ये त्याला जवळपास जागाच नाही. इकडे एनआयआरएफच्या रँकिंगमध्ये मात्र शोधनिबंध आणि सायटेशन्स मोजली जातात, त्यामुळे विद्यापीठांना हे आकडे हवेच असतात.

याचा अर्थ बॅनरवरचे सर खोटे असा नाही. लहान विद्यापीठात, अपुऱ्या प्रयोगशाळेत काम करून या यादीत येणं सोपं नाही.

फक्त पोस्ट पुढे ढकलण्याआधी एक करता येतं. ही यादी एक्सेल फाइलमध्ये इंटरनेटवर फुकट मिळते. तिचे दोन भाग असतात, एक आख्ख्या कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. बॅनरवर हा फरक सहसा लिहिलेला नसतो. फाइलमध्ये नाव शोधायचं, कोणत्या भागात आहे ते बघायचं आणि स्वतःच्या सायटेशन्सच्या टक्केवारीचा रकाना वाचायचा. मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही आता तिथेच दिलेली असते. आणि ‘यादीत यायचं तर आधी फी भरा’ असा ईमेल आला असेल, तर ती यादी ही नव्हे. हिच्यात पैसे भरून नाव घालता येत नाही.