आजीचा खुबा आणि दुसऱ्याचं हाड

"दुसऱ्याचं हाड माझ्या अंगात? नको गं बाई!" आजी म्हणाली. अठरा वर्षांपूर्वी बदललेला तिचा खुबा सैल झालाय, पुन्हा ऑपरेशन करायचंय. मग मीच डॉक्टरांना विचारून घेतलं. जे समजलं ते सांगते.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. इंग्लंडचे सर जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिनची वाटी अशी जोडी बसवली. आजचे बरेच कृत्रिम सांधे त्याच वाटेवरचे. पण वर्षानुवर्षं चालून वाटी झिजते. तिचे सूक्ष्म कण साफ करायला पेशी धावतात आणि त्या झटापटीत आजूबाजूचं हाड विरघळू लागतं. हे अगदी गुपचूप चालतं, दुखतं ते उशिरा. "दुखत नाही" म्हणून आजीने एक्स-रे टाळले, तिथेच चुकलं.

आता नवी वाटी बसवायची तर आधाराला हाडच पुरेसं नाही. काही ठिकाणी धातूचे तुकडे लावतात. दुसरा उपाय अस्थिरोपण. पहिल्यांदा खुबा बदलताना रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा गोळा काढावाच लागतो. रुग्णाची संमती घेऊन, एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या करून तो हाडांच्या बँकेत उणे 80 अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. त्याचे बारीक तुकडे करून खड्ड्यात भरतात आणि ठोकून घट्ट बसवतात. मातीच्या घरात मुरूम टाकून चोपण्याने जमीन चोपायचे ना, अगदी तसं! नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या डॉक्टरांनी ही पद्धत रुळवली. वर सिमेंट लावून नवी वाटी बसते.

हे तुकडे जिवंत नसतात. ते नुसती परांची. त्यांच्यातून आपल्याच रक्तवाहिन्या शिरतात, आपल्याच पेशी जुनं खातात आणि नवं हाड रचतात. म्हणून किडनी बदलल्यावर लागतात तशी आयुष्यभराची औषधं इथे लागत नाहीत. मात्र वेळ लागतो. काही आठवडे वॉकर घेऊन, डॉक्टर सांगतील तेवढाच भार टाकून चालायचं. जंतुसंसर्गाचा किंवा वाटी पुन्हा सरकण्याचा धोका उरतोच, तोही आजीपासून लपवला नाही.

सगळं ऐकून आजी गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी हाड माझंच होणार. पण माझा तो पहिला गोळा कुठं गेला गं?"

तो कुणी मागितलाच नव्हता. तुमच्या घरी कुणाचा खुबा बदलायचा असेल, तर ऑपरेशनआधी एवढं नक्की विचारा: हा गोळा दान करता येईल का?