जुन्या मोटारीचे धक्के आणि घरचा हिशेब

शाळेत नोकरीला असताना 'निलंबन' ह्या शब्दाची मला मोठी धास्ती वाटे. खात्याकडून लांबट लिफाफा आला की, आता कोणाचे निलंबन, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत सुरू होई. सेवानिवृत्त झाल्यावर तोच शब्द आपली गाठ एका मोटारीच्या पोटाखाली घेईल, असे मात्र कधी स्वप्नातही आले नव्हते. 'लम्ब्' म्हणजे लोंबणे, टांगणे. मोटारीचे धूड चाकांवर नुसते ठेवलेले नसून स्प्रिंगांच्या आधारे जणू टांगलेले असते. म्हणून इंग्रजांनी त्या व्यवस्थेस 'सस्पेन्शन' म्हटले. ही व्यवस्था जुन्या गाडीत झिजली म्हणजे काय करावे, कोठे पैसा घालावा आणि कोठे हात आखडावा, हे गेल्या वर्षी मला चांगलेच शिकावे लागले. ते शिक्षण फुकट झाले नाही. त्याची फी काही अंशी आमच्या थोरल्या वहिनींनी भरली, ही गोष्ट कबूल करूनच पुढे लिहितो.

आमचे बिऱ्हाड वाईस. घरात लहानमोठी अकरा माणसे आणि मोटार एक: २००८ सालची वॅगन-आर. खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे असते. ती संपल्यावर २०२३ साली गाडीची तपासणी होऊन आणखी ५ वर्षांची नोंदणी मिळाली. इंजिन उत्तम, पत्रा शाबूत. परंतु खड्ड्यातून जाताना गाडी अशी आदळे की, आतील माणसाच्या पाठीचे मणी मोजून घ्यावेत. वहिनींचे वय ८२. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून दोनदा साताऱ्यास व्यायामोपचारासाठी आणावयास सांगितले होते. चार खेपा झाल्यावर त्या मला शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, मी आता येत नाही. व्यायामाने जे सुधारते ते परत येताना तुमच्या गाडीत मोडते."

दहा वर्षांचा असताना मी शिक्षणासाठी थोरल्या दादांच्या घरी आलो, तो ह्याच वहिनींच्या हातचे जेवून मोठा झालो. त्यांचे हे शब्द मला फार लागले. त्याहून अधिक लागण्याचे कारण असे की, आदल्याच वर्षी मागचे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर मी स्वतः स्वस्तात बसवून घेतले होते. खोक्यावर ना धड नाव, ना पत्ता. दुकानदाराने पावती विचारली नाही आणि मीही मागितली नाही. आठ महिन्यांत दोहोंतून तेल ओघळू लागले. दीड हजार रुपये वाचविल्याचा जो आनंद मी घरात सांगत फिरलो होतो, त्याची किंमत वहिनींचा खुबा देत होता.

अधिकृत कार्यशाळेत गाडी नेली, तेव्हा पुढचे-मागचे सर्व भाग, चारही स्प्रिंगांसह, बदलण्याचा खर्च ३१,००० रुपये सांगण्यात आला. गाडी विकावयाची म्हटली तर दलाल ५५,००० देण्यास तयार होता. घरात दोन पक्ष पडले. धाकटा पुतण्या म्हणे, "काका, किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम शॉकअपवर घालणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." दुसरा पक्ष म्हणे, ५५,००० मध्ये वहिनींना साताऱ्यास नेणारी दुसरी कोणती गाडी मिळणार? शेवटी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. संस्कृतात तो कधी उत्तीर्ण झाला नाही. पण आज आमच्या भागात मोटारींचा जाणता मिस्त्री म्हणून त्याचे नाव आहे. त्याने मला जे समजावून दिले, ते वाचकांपुढे क्रमाने ठेवतो.

प्रथम कोणाचे काम काय, हे पाहू. स्प्रिंग, म्हणजे जुन्या बोलीतील कमान, गाडीचा भार पेलते व धक्का झेलते. ताण वाढेल त्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो, हा नियम रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परंतु स्प्रिंगेचा एक दुर्गुण आहे: एकदा दबली की ती वरखाली झोके घेतच राहते. भाराने ती १५ सेंटिमीटर दबत असेल, तर गणिताने तिचा एक झोका सुमारे पाऊण सेकंदाचा येतो. हे झोके आवरणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळकांड्यात तेल असते. त्यातून दट्ट्या सरकतो आणि तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढते. झोक्याची शक्ती अशा रीतीने उष्णतेत जिरते. म्हणजे नाव 'धक्का पिणारा' असले, तरी धक्का घेते ती स्प्रिंग. शॉक झोका पितो. तेल गळले किंवा झडपा झिजल्या की गाडी नाचते, चाक क्षणभर रस्ता सोडते आणि ब्रेक लावल्यावर थांबण्यास अधिक अंतर लागते. तेव्हा हा प्रश्न केवळ सुखाचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

जुन्या अ‍ॅम्बॅसडरला किंवा कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाट्यांची कमान असे. गावचा लोहारदेखील तिचा तुटलेला पाटा बदलू शके. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या बाजूस 'स्ट्रट' असतो. स्प्रिंग आणि शॉक एकाच दांड्यावर बसविण्याची ही सोपी व स्वस्त रचना अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९५० साली इंग्लंडात पुढे आलेल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती होती. आमच्या गाडीतही पुढे असे स्ट्रट आहेत. मागे स्प्रिंग वेगळी व शॉक वेगळा.

आता निदान. वैद्याने नाडी न पाहता काढा देऊ नये, तसे मिस्त्रीने गाडीखाली न शिरता भागांची यादी देऊ नये. नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो. आमच्या मिस्त्रीने सर्वांत आधी काय पाहिले असेल? टायरांतील हवा! दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत सांगितल्यापेक्षा ती ८ पौंड अधिक होती. पंपावरचा मुलगा भरी आणि मी मान डोलावी. "सर, ह्याला पैसे पडत नाहीत," असे म्हणून त्याने हवा कमी केली आणि निम्मा कर्कशपणा तेथेच गेला. वाचकांनी एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी ही परीक्षा करावी.

पुढची लक्षणे अशी. शॉकच्या अंगावर तेलाचा ओला ओघळ असेल तर तो गेला असे समजावे. नुसती धूळ चिकटलेली फिकट ओल मात्र काही वेळा निरुपद्रवी असते. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. वर येऊन ती स्थिरावण्याऐवजी पुनःपुन्हा हलत राहिली तर शॉक निकामी आहे. परंतु ह्या परीक्षेत गाडी उत्तीर्ण झाली म्हणून शॉक चांगलाच आहे, असे सिद्ध होत नाही. टायर वाटीसारखे ठिकठिकाणी झिजले असतील, तर संशय बळावतो. खड्ड्यात 'खडक्' असा आवाज येत असेल, तर शॉककडे धावण्यापूर्वी खालच्या आर्मचे रबरी बुश आणि बॉल जॉइंट तपासावेत. बॉल जॉइंटातील खेळ हा कधीही हयगय करण्याजोगा नव्हे. तो निखळला तर धावत्या गाडीचे चाक वाकडे होते. सुकाणू वळविताना वरून करकर येत असेल, तर बहुधा स्ट्रटच्या माथ्यावरील माउंटिंग व त्यातील बेअरिंग झिजलेले असते.

आमच्या गाडीत चारही शॉक, पुढची दोन्ही माउंटिंगे आणि खालच्या आर्मचे बुश खराब निघाले. स्प्रिंगा मात्र चारही चांगल्या होत्या. समतल जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंस माप घेतले. ते सारखे आले. स्प्रिंगेस तडा नव्हता, गंजाने अंग खाल्लेले नव्हते. ३१,००० च्या यादीतील एक मोठा आकडा अशा रीतीने एका मोजपट्टीने खोडला गेला.

त्यानंतर प्रश्न आला निवडीचा. बाजारात चार मार्ग असतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातील भाग: निर्धास्त, पण महाग. दुसरा, नामांकित शॉक-उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला भाग. मोटार-कंपन्या पुष्कळदा शॉक स्वतः न करता अशाच उत्पादकांकडून घेतात. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही अशीच एक कंपनी असून चाकण येथेही तिचा कारखाना आहे. जुन्या गाडीस हा दुसरा मार्गच बहुधा योग्य. तिसरा मार्ग म्हणजे जुन्या शॉकला भोक पाडून, तेल भरून, डाग देऊन 'रिपेअर' करणे. आतील झडपा व घासलेला दांडा तसाच राहतो. तेव्हा ही मलमपट्टी थोड्या दिवसांची. चौथा मार्ग निनावी खोक्याचा. त्याविषयी मी स्वतःचा अनुभव सांगितलाच आहे.

खरेदीपूर्वी गाडीचे वर्ष व प्रकार नेमका सांगावा; एकाच नावाच्या गाडीत पिढी बदलली की भाग बदलतो. छापील किंमत, निर्मितीचा महिना व भाग-क्रमांक पाहावा, आणि जीएसटीची पावती घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये. हमी मागावयाची झाल्यास तोच एक पुरावा. नुसत्या तेलाचा आणि वायू भरलेला, असे दोन प्रकार दुकानदार दाखवील. वायूच्या दाबाने तेलास फेस येण्यास आळा बसतो, म्हणून खराब रस्त्यावर सतत धावणाऱ्या गाडीस तो प्रकार बरा. घरच्या माणसांची गाडी असेल तर 'स्पोर्ट' म्हणून मिळणारे कडक शॉक घेऊ नयेत. तसेच गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगेच्या वेढ्यांत बसवावयाचे रबरी तुकडे विकत मिळतात. त्यांनी काही वेढे अडकून पडतात, स्प्रिंग कडक होते आणि ताण एकाच जागी येतो. हा मोह टाळावा.

पुतण्याने पुण्यास नाना पेठेतून भाग आणले. आमचा हिशेब असा झाला: पुढचे दोन स्ट्रट ४,४०० रुपये, मागचे दोन शॉक २,२००, माउंटिंगे, बंप स्टॉप व धूळ-टोप्या १,८००, खालचे दोन आर्म बुश व बॉल जॉइंटासह २,४००, मजुरी ३,२००, चाकांचे अलाइनमेंट ६००. एकूण १४,६००. हे आमच्या गाडीचे व आमच्या गावचे भाव. इतरत्र कमीअधिक असतील.

मजुरीत मात्र काटकसर करू नये. शॉक नेहमी जोडीने, म्हणजे डावा-उजवा एकदमच, बदलावा. एक नवा व एक जुना असल्यास गाडी दोन मनांची होते. दबलेली स्प्रिंग हे एक दडलेले संकट आहे. २५० किलोंचा भार पेलत ती १२ सेंटिमीटर दबली, तर तिच्यात साठलेली शक्ती १५ किलोंचा दगड एक मीटर उंचीवरून पडावा एवढी असते. म्हणून स्ट्रट सोडविण्याचे काम योग्य शिकंजा असलेल्यानेच करावे. घरच्या उत्साही तरुणांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. आणखी एक बारकावा: रबरी बुशांचे नट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी उचललेली असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळवटून राहते व लवकर फाटते. पुष्कळ नवे बुश काही महिन्यांतच जातात, त्याचे हे एक कारण. सर्व झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे, नाही तर शॉकवर वाचविलेला पैसा टायर खाऊन टाकतात.

काम झाल्यावर मी एकटाच पाचवडपर्यंत जाऊन आलो. गाडी नवी झाली असे म्हणणार नाही. खड्डा अजून कळतो, पण एकदा कळून थांबतो. दुसऱ्या दिवशी वहिनींपुढे जाऊन मागच्या वर्षीच्या निनावी खोक्याची सर्व हकीकत सांगितली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "दीड हजार वाचविले होते तेव्हा पेढे आणले होते, ते मी खाल्ले. म्हणजे निम्मा दोष माझा." इतके बोलून त्यांनी काठी मागितली आणि गाडीत बसल्या.

साताऱ्याहून परतताना त्यांना वाटेत झोप लागली. गेले पाच महिने एकही खेप चुकलेली नाही. परवा त्या काठीवाचून तुळशीपर्यंत गेल्या. ह्याचे श्रेय अर्थात उपचार करणाऱ्यांचे व त्यांच्या स्वतःच्या चिकाटीचे आहे, गाडीचे नव्हे. गाडीने फक्त मध्ये येणे थांबविले. जुन्या वस्तूकडून, आणि माझ्यासारख्या जुन्या माणसाकडूनही, घरच्यांची तेवढीच अपेक्षा असते. ती पुरी करण्यास नेमके काय बदलावयाचे आणि काय तसेच ठेवावयाचे, एवढे मात्र खाली वाकून, डोळ्यांनी पाहून ठरवावे.