‘कापूस निंगाला का जी?’ हा प्रश्न नाहीच!

वर्धा जिल्ह्यातली एक कथा कल्पून पाहा. सावकार दारात येऊन विचारतो, ‘का जी, कापूस निंगाला का यंदा?’ शेतकरी म्हणतो, ‘पाणी लय झालं जी.’ वरवर प्रश्न पिकाचा, उत्तर पावसाचं. खरं तर एक तगादा लावतोय, दुसरा मुदत मागतोय. कर्जाचं नावही कुणी काढत नाही. बोलणं ही कृती असते, हे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलं. ती कृती साधायला बोलणाऱ्याला अधिकार लागतो. उदाहरणार्थ, १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, पण त्यावर ८ ऑगस्टला मुंबईत काँग्रेस महासमितीची मोहोर लागावी लागली. कथेतही तसंच: तेच वाक्य शेजाऱ्याने म्हटलं, तर ती नुसती विचारपूस.

यावर आक्षेप असा, की ऑस्टिननेच नाटक-कवितेतलं बोलणं बाजूला ठेवलं होतं. रंगमंचावरच्या वचनाने कुणी बांधलं जात नाही. मान्य, वाचक बांधला जात नाही. पण पात्रं बांधली जातात. सावकार ‘दुसऱ्या वेचणीनंतर पाहू’ म्हणाला, की मुदत मिळाली आणि पुढचं कथानक तिच्यावर उभं राहिलं. हे अर्थ वाचकच लादतो म्हणावं, तर बोलणारा बदलताच अर्थ का बदलतो? कोण कुणाला बोलतोय, यातच तो अर्थ असतो. म्हणूनच संवादापुढे ‘तो दरडावून म्हणाला’ असं लिहावं लागलं, तर बहुधा संवादच कमी पडलेला असतो.

#मराठीकथा #वऱ्हाडीबोली