अंगणातील फरसबंदी : पावसाआधीची काळजी

पेव्हर ब्लॉकचे अंगण पहिली दोन वर्षे नव्यासारखे चकाकते. मग एखाद्या पावसाळ्यानंतर त्यावर पांढुरके ढग उमटतात, सांध्यांतून हिरवी रेषा वर येते आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘फरशी खराब निघाली.’ बहुतेक वेळा दोष फरशीचा नसतो. तिच्यावर चढविलेल्या सीलरचा असतो.

जैन घराला त्या हिरव्या रेषेची चिंता अधिक. शान्तिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात, म्हणजे एका शरीरात अनंत जीव असलेल्या वनस्पतींत, केली आहे. ते एकदा उगवले की त्यावर पाय ठेवणे नको आणि ब्लीचिंग पावडर टाकून खरवडणेही नको. साधु-साध्वी गोचरीला येतात ती वाटही हीच. तेव्हा ते उगवूच न देणे हा एकच मार्ग उरतो, आणि त्याची वेळ वैशाख-ज्येष्ठातली. आषाढात चातुर्मास बसला की उशीर झालेला असतो.

सीलर मुख्यतः दोन प्रकारचे. अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभागावर पापुद्रा धरतो; चकाकी देतो, पण पावसात निसरडा होतो. सिलेन-सिलॉक्सेनचा ब्लॉकच्या छिद्रांत मुरतो. चकाकत नाही, मात्र आतली वाफ बाहेर जाऊ देतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी दुसराच बरा.

पांढरेपणाची कारणेही दोन. ब्लॉक ओलसर असताना अ‍ॅक्रिलिक लावले तर ओल खाली अडकते व लेप दुधाळ होतो. किंवा सिमेंटमधील चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो व त्याचा क्षार जमतो. पारख सोपी आहे. एका कोपऱ्यात थोडे झायलीन फिरवावे. ते उडून गेल्यावरही डाग दिसेनासा राहिला तर बिघाड लेपातच. तेथे झायलीनचा हलका रोलर फिरविल्यास जुना लेप विरघळून पुन्हा बसतो. डाग परत आला तर खाली क्षार आहे. लेप उतरवून, क्षार काढून मगच नवा हात द्यावा. झायलीन ज्वालाग्राही आहे. जवळपास विस्तव नको, तोंडावर साधा रुमाल पुरत नाही.

कित्येक ठिकाणी दर दिवाळीला दुकानाच्या रंगाबरोबर अंगणालाही एक हात मारून घेतात. हा खर्च वाया तर जातोच, वर लेप जाड होऊन सोलतो. आधी पाणी शिंपडून पाहावे : थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर लेप शाबूत आहे, पाणी मुरून ब्लॉक काळवंडला तरच पुन्हा लावावा. धुतल्यानंतर एक-दोन दिवस कडक ऊन द्यावे, झिजलेले सांधे कोरड्या वाळूने भरावेत आणि भर दुपार टाळून दोन पातळ हात द्यावेत.

शहाबादी किंवा कोटा फरशीला मात्र अ‍ॅसिड चुकूनही लावू नये. ते चुनखडीचे दगड. अ‍ॅसिडने त्यांची कांती कायमची जाते.

लेप कितीही चांगला असला तरी त्यावर साचलेल्या धुळीत शेवाळ धरतेच. म्हणून उतार मोकळा ठेवणे, कुंड्या खुरांवर ठेवणे आणि पन्हाळीचे पाणी थेट गटारात नेणे, एवढे श्रावणभर पाहावे लागते.